‘कॅटमरानने बेटावर सहल’ ही एक ओळ पुरेशी नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या अंकात परदेश सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. आता त्यांत कॅरिबियन बेटांचीही नावे असतात. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि एरवी भूगोलाच्या पुस्तकात राहणारी ही बेटे आपल्याकडे पारावरच्या गप्पांत आली. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडीलही गट करून तिकडे जातात. अशा सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस हमखास असा छापलेला असतो : ‘दिवस पाचवा – कॅटमरानने बेटावर सहल, दुपारच्या जेवणासह.’ सगळ्या सहलीत जास्तीत जास्त तयारी याच दिवसाला लागते, आणि त्याबद्दल छापलेले असते ते एवढेच.

आमचे मागणे सरळ आहे. लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर अशा समुद्रापासून लांबच्या गावांतून जो कोणी गट नेतो, त्याने या दिवसाची पानभर माहिती मराठीत, लेखी आणि पैसे घेण्याआधी द्यावी. जाणाऱ्यांनीही ती मागून घ्यावी. त्या पानावर काय असावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी बोट. कॅटमरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच डेक टाकावा तशी रचना. शब्द मुळात तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे. सहलीच्या बोटी साधारण ५० ते ६५ फुटी असतात. पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मधे मजबूत जाळी ताणलेली असते, तिला ट्रॅम्पोलिन म्हणतात. पाण्याखाली ही बोट मीटर-दीड मीटरच जाते, त्यामुळे किनाऱ्याच्या बरीच जवळ येते. एका कुशीवर कलत नाही, म्हणून भीती कमी वाटते. पण तिचे हिसके छोटे आणि भराभर असतात. ‘बोट हलत नाही, मळमळ होणार नाही’ असे कोणी सांगत असेल तर ते अर्धेच खरे आहे.

उरलेले अर्धे वाऱ्यावर ठरते. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. शाळेत शिकलेले व्यापारी वारे ते हेच. म्हणून बेट बंदराच्या पूर्वेला असले की जाताना बोट वाऱ्याच्या तोंडावर चालते. शीड मिटलेले, दोन्ही इंजिने चालू, लाटा समोरून. येताना वारा पाठीशी असतो, शीड उभारतात, इंजिनाची घरघर थांबते. जाहिरातीतला फोटो या परतीच्या तासाचा असतो. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या बायाइबे गावाहून साओना बेटाला जाताना हीच गत, आणि कुरासाओ बेटाहून क्लाइन कुरासाओ बेटाला जाताना तर दोनेक तास समोरच्या लाटा खाव्या लागतात. तेव्हा संयोजकाला पहिला प्रश्न हा विचारावा : बेट कोणत्या दिशेला, आणि जाताना किती वेळ?

साओनाच्या बहुतेक सहलींत एक फेरी कॅटमरानची आणि दुसरी स्पीडबोटीची असते. कार्यक्रमपत्रिकेत हे क्वचितच लिहिलेले दिसते. स्पीडबोटीचा पुढचा भाग लाटेवर उचलला जाऊन आपटतो आणि पुढच्या बाकावर बसलेल्याच्या मणक्याला तो दणका थेट बसतो. गरोदर स्त्रिया, पाठीचे ऑपरेशन झालेले, हाडे ठिसूळ झालेले ज्येष्ठ यांना ती फेरी नकोच. त्यांच्यासाठी दोन्ही वेळा कॅटमरान मिळते का, हे भारतातूनच ठरवून घ्यावे. बसावेच लागले तर मागच्या बाकावर बसावे.

मळमळीची गोळी बोट डोलू लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. पोट बिघडले की गोळी पोटात राहतच नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारी प्रोमेथाझिन किंवा तिकडे मिळणारी मेक्लिझिन, जी घ्यायची ती निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते. दोन्हींनी झोप येते, दारूबरोबर तर फारच. काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटची गाठ वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. साठीपुढच्या पुरुषांत दुसरा त्रास घरोघरी असतो, आणि गटातल्या गोळ्या मात्र एकाच पाकिटातून वाटल्या जातात. नाश्ता हलका करावा, पण उपाशी जाऊ नये. बोटीच्या मागच्या भागात, मधोमध बसावे, मोबाइलमध्ये न बघता लांब क्षितिजाकडे बघावे. आलेपाकाची वडी खिशात असू द्यावी. उलटी झालीच तर वारा ज्या बाजूने बाहेर जातो त्या बाजूला जावे, आणि बोटीच्या शौचालयात जाऊन बसू नये. त्या कोंदट जागेत त्रास दुप्पट होतो.

आता पोहण्याबद्दल. मराठवाड्यात पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून. चार हात मारले की कठडा हाती लागतो, पाणी स्थिर असते आणि डोके वर ठेवून पोहायची सवय लागते. समुद्रात यातले काहीच नसते. खारे पाणी माणसाला जास्त उचलून धरते, हा फायदा खरा. पण धरायला कठडा नसतो, लाट तोंडावर येते आणि पाण्याची ओढ हळूहळू बाजूला नेते. बोटीकडे पाठ करून दहा मिनिटे मासे बघत राहिले की मान वर करेपर्यंत बोट पन्नास-साठ मीटर लांब गेलेली असते. म्हणून पाण्यात उतरल्यावर आधी ओढीच्या उलट दिशेने जावे. दमल्यावर परतताना ओढच बोटीकडे आणते.

दुसरी फसगत नितळ पाण्याची. विहिरीचा तळ दिसत नाही म्हणून माणूस जपून असतो. इथे तळाची वाळू, तिच्यावरच्या लाटांच्या रेघा, स्वतःची सावलीसुद्धा दिसते आणि पाणी कमरेएवढेच वाटते. पाण्यात प्रकाश वळतो, त्यामुळे वरून बघताना खोली खऱ्याच्या साधारण तीन-चतुर्थांशच भासते. चार मीटर खोल पाणी तीन मीटर दिसते, अडीच मीटरचे दोनापेक्षाही कमी वाटते. न पोहणाऱ्याने दिसते त्यावर विसंबून शिडी सोडू नये. खोली बोटीवरच्या माणसाला विचारावी आणि आकडा ऐकून मगच उतरावे.

ज्याला पोहता येत नाही त्याने जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. साओनाच्या वाटेवर वाळूच्या उथळ्यावर ‘नैसर्गिक तलाव’ म्हणून बोटी थांबतात. तिथे पाणी कमरेपासून छातीपर्यंत असते. लाइफ जॅकेट घालून, जोडीदाराचा हात धरून तिथे कोणालाही उभे राहता येते, आणि ते सुख पैसे वसूल करणारे आहे. पोर्तो रिकोतल्या फाहार्दोहून जवळ असलेल्या इकाकोस बेटाची गोष्ट वेगळी. बोट किनाऱ्याच्या अलीकडे नांगरते आणि पाण्यात उतरून बेटावर जावे लागते. बेटावर वस्ती नाही, पाणी नाही, शौचालय नाही. ज्यांना उतरता येणार नाही त्यांचा दिवस बोटीवरच जाईल, हे पैसे भरताना कळायला हवे.

गटाचे तीन भाग आधीच करावेत. पोहणारे, जॅकेट घालून उतरणारे आणि न उतरणारे. तिसऱ्या भागातल्या कोणाला ‘अहो काका, या की, काही होत नाही’ असा आग्रह करू नये. आपल्याकडे जेवणाच्या पंगतीतला आग्रह प्रेमाचा असतो, पाण्याच्या काठावरचा आग्रह जिवावर बेततो. हृदयविकार, स्टेंट, दमा, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगत मासे बघणे, करायचे की नाही, हे गावातून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. बोटीवर सही करायला जो अर्ज देतात त्यात हेच विचारलेले असते. तो न वाचता सही करू नये आणि त्यात खोटे लिहू नये. खोटे निघाले तर विमा कंपनी हात वर करते. विमा घेताना स्नॉर्केलिंग आणि बेटावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, तेही पाहावे.

स्नॉर्केलिंगचे सामान साधे असते, पण नेमक्या बारीक चुका त्रास देतात. मास्क आपल्याला बसतो का, हे पट्टा न लावता बघावे. चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलकेच श्वास ओढावा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो आपला. कडेखाली केसाची एक बट आली तरी पाणी शिरते. कपाळावरची टिकली काढून ठेवावी, मास्कची वरची कड तिथेच कुठेतरी बसते. मिशा असलेल्यांनी नाकाखालची बारीकशी पट्टी कातरून घ्यावी. पाणी शिरते म्हणून पट्टा आवळत जातात आणि त्यानेच कड वेडीवाकडी होऊन आणखी शिरते. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, सैलसर असावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्यात बुडवून काढावा. मास्कच्या आत चष्मा बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क मिळतो का, ते आधी विचारावे.

नळीतून श्वास घ्यायचा तो तोंडाने, लांब आणि सावकाश. नळीत मागच्या श्वासाची हवा थोडी उरते. भराभर धापा टाकल्या की तीच हवा पुन्हा आत येते, जीव घाबरतो आणि माणूस आणखी धापा टाकतो. बहुतेकांची घाबरगुंडी पाणी पोटात गेल्याने होत नाही, ती इथे सुरू होते. त्यावर उपाय सोपा आहे. पाठीवर वळायचे, नळी तोंडातून काढायची, जॅकेटवर तरंगत आभाळाकडे बघत दहा श्वास घ्यायचे. पाणी अजिबात गेलेले नसताना दम लागला, छाती जड झाली, पायांतले बळ गेले तर ‘थोडे थांबून बघू’ म्हणू नये. लगेच हात करून बाहेर यावे. वय झालेल्यांना ही खूण फार महत्त्वाची. सहलीआधी आठवडाभर घरच्या बादलीत तोंड बुडवून रोज दहा मिनिटे नळीने श्वास घ्यायचा सराव केला तर अर्धे काम झाले. शे-दोनशे रुपयांची नळी त्यासाठी पुरते.

बोटीवर मिळणारे स्नॉर्केल-जॅकेट बहुधा पिवळे, गळ्यात घालायचे आणि तोंडाने फुगवायचे असते. त्याचा पायांमधून येणारा पट्टा अवघड वाटतो म्हणून अनेकजण, विशेषतः बायका, बांधत नाहीत. मग पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीला अडते आणि माणूस खालीच राहतो. तो पट्टा बांधावाच. न पोहणाऱ्यांनी हे फुगवायचे जॅकेट न घेता भरीव फोमचे लाइफ जॅकेट मागावे. लहान मुलांच्या मापाची आणि मोठ्या अंगाच्या माणसांच्या मापाची जॅकेटे किती आहेत, हे आकडा देऊन विचारून ठेवावे. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क बऱ्याच बोटींवर चालत नाही, तो इथून विकत घेऊन नेऊ नये.

हात हलवण्याचे मात्र सगळ्यांना बजावून सांगावे. पाण्यात हात वर करून हलवणे म्हणजे ‘मदत करा’. आपली माणसे कासव दिसले की ‘इकडे या, इकडे या’ म्हणून जोरात हात हलवतात आणि बोटीवरचा माणूस उडी टाकतो. दोनदा तसे झाले की तिसऱ्या वेळी खऱ्या हाताकडेही तो क्षणभर उशिराच बघेल. सगळे ठीक आहे हे सांगायला डोक्याच्या टाळूवर हात ठेवायचा.

बोटीवर परत चढताना पाय घसरतात, डोकी आपटतात. लाटेबरोबर बोटीचा मागचा भाग वर-खाली होतो आणि शिडीही तशीच. शिडीच्या खाली किंवा दोन होड्यांच्या मधल्या बोळात तरंगत थांबू नये. हाताचे अंतर ठेवून वाट बघावी, पायांत घातलेले पोहण्याचे पंख (फिन) काढून आधी वर द्यावेत, शिडी खाली आली की दोन्ही हातांनी घट्ट धरावी आणि ती वर जाताना तिच्याबरोबर पाय टाकावा. एका वेळी एकच माणूस. डेकवर अनवाणीच राहायचे असते, चपला बोटीवर येतानाच टोपलीत जमा होतात. शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवताना खालचा आडवा दांडा डोक्यावरून झपकन जातो, त्या वेळी उभे राहू नये. लाटा असताना पुढच्या जाळीवर उभे राहून फोटो काढू नयेत.

साडी, ओढणी, सैल सुती पंजाबी ड्रेस पाण्यात भिजून जड होतो आणि शिडीत अडकतो. अंगभर कपडे हवेत हे आम्हाला मान्य आहे आणि त्यावर चांगला मार्गही आहे : लांब बाह्यांचा, पटकन वाळणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग. उन्हापासूनही तोच वाचवतो. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवाव्यात. पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी कधी गळून पडली ते कळतही नाही.

उन्हाबद्दल आपल्या लोकांचा समज असा की, ‘आम्ही मराठवाड्याचे, उन्हाचे काय सांगता?’ लातूर, धाराशिव, साओना, फाहार्दो ही सगळी जवळपास १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे सूर्य तोच, तेवढाच डोक्यावर. फरक एवढाच की लातूरच्या उन्हात अंग पोळते म्हणून माणूस सावली शोधतो. बोटीवर गार वारा असतो, चटका कळत नाही, आणि पाण्यावरून व पांढऱ्या वाळूवरून परतलेले ऊन खालूनही लागते. पालथे पडून मासे बघणाऱ्याची मान, पाठ आणि गुडघ्यांच्या मागची बाजू संध्याकाळी लालबुंद होते. सावळी कातडीही भाजते. बोटीत बसण्याच्या अर्धा तास आधी सनस्क्रीन लावावे. एका माणसाला सगळ्या अंगासाठी एका वेळी साधारण ३० मिलीलिटर लागते, म्हणजे छोटी ट्यूब दोन वेळांत संपते. दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. कानांची टोके, केसांतला भांग आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते.

सनस्क्रीन घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेली सनस्क्रीन विकायला आणि वापरायला बंदी आहे, कारण त्यांचा प्रवाळांना अपाय होतो. अरुबा बेटावरही ऑक्सिबेन्झोन चालत नाही. आपल्याकडच्या ट्यूबवर हीच द्रव्ये दुसऱ्या नावांनी लिहिलेली असतात : ऑक्सिबेन्झोन हे ‘बेन्झोफेनोन-३’ म्हणून, ऑक्टिनॉक्सेट हे ‘इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनॅमेट’ म्हणून. झिंक ऑक्साइडचे, पांढरे दिसणारे सनस्क्रीन न्यावे. त्याला कुठेच अडवत नाहीत.

किनाऱ्यावर एका झाडापासून जपावे. त्याचे नाव मँचिनील. हिरवी, लहान सफरचंदासारखी फळे, वास गोड. हे झाड थोर-एरंडाच्याच कुळातले. बिबा उततो तसा याचा चीक उततो, आणि पावसात त्याच्याखाली उभे राहिले तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही फोड येतात. फळ तोंडात घातले तर घसा सुजतो. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नाही. पडलेले फळ उचलून वास घेण्याची मुलांची सवय इथे नको.

उथळ पाण्यातले तारामासे फोटोसाठी बाहेर काढू नयेत. ते पाण्यातूनच श्वास घेतात. प्रवाळावर उभे राहू नये. ते दगड दिसले तरी जिवंत असतात आणि त्यांनी कापलेली जखम चिघळते. शंख, प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालून आणू नयेत. मोठ्या गुलाबी शंखाचा आणि प्रवाळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. आपल्याकडेही प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि विमानतळावर त्याचे उत्तर देणे अवघड जाते.

जेवणात बहुधा भात, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, कोशिंबीर, पास्ता, फळे आणि भाजलेली कोंबडी असते. शाकाहाऱ्यांची अडचण भातातच होते, कारण तो आणि ते दाणे कित्येकदा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासा चालतो असेही तिकडे समजतात. स्पॅनिश बोलणाऱ्या बेटांवर सरळ म्हणावे : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासा आणि रस्सा यांच्याशिवाय. बरोबर दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी असावी. मधुमेह असलेल्यांनी तर ठेवावीच, कारण हॉटेलातून गाडी सहा-सात वाजता निघते आणि जेवण दीड-दोनला मिळते. ताजी फळे, बिया मात्र सामानातून नेऊ नयेत. पोर्तो रिकोहून अमेरिकेच्या मुख्य भूमीला जातानाही सामानाची शेतमालासाठी तपासणी होते. माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटे पुरतात. बोटीवर रम फुकट वाटतात. ती पाण्यातले सगळे कार्यक्रम संपल्यावरच, हा नियम गटप्रमुखाने आधी जाहीर करावा.

कागदपत्रांचे थोडक्यात. पोर्तो रिको आणि अमेरिकन व्हर्जिन बेटांना अमेरिकेचाच व्हिसा चालतो. पण अमेरिकन व्हर्जिन बेटांतल्या सेंट थॉमसहून ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर जाणारी बोट देशाची हद्द ओलांडते, त्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ लागतो. डोमिनिकन प्रजासत्ताकात येताना आणि जाताना ‘ई-तिकीट’ नावाचा सरकारी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी समजावीत. त्रिनिदाद किंवा पनामा, कोलंबिया अशा देशांत राहून भारतात परतणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यावी. आणि बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा देशांत लष्करी छापाचे कपडे घालणे हा गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा. आपल्याकडे त्या छापाच्या चड्ड्या-टोप्या घरोघरी असतात, त्या बॅगेतून काढून ठेवाव्यात.

हंगामाचेही पानावर असावे. चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर. २०११ पासून सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ उन्हाळ्यात किनाऱ्यांना लागते आणि कुजल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पूर्वेकडच्या किनाऱ्यांना त्रास जास्त, पश्चिमेकडच्या आडोशाच्या किनाऱ्यांना कमी. नाताळापासून फेब्रुवारीपर्यंत ऊन छान असते, पण वारे जोरात आणि भाव चढे. सोयाबीन निघाले, दिवाळी झाली की नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा मध्य हा आमच्या मते शेतकरी कुटुंबांसाठी सगळ्यात सोयीचा काळ.

अमेरिकेच्या हद्दीत सहापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीला तटरक्षक दलाचे तपासणी प्रमाणपत्र लागते. त्यावर किती माणसे चढवता येतात, तो आकडा लिहिलेला असतो आणि ते बोटीवर लावलेले असते. इतर देशांतही परवान्यावरचा आकडा विचारावा. तीस माणसांचा गट असेल तर इतर पर्यटकांत मिसळण्यापेक्षा अख्खी बोट घेणे परवडते का, याची चौकशी करावी. वेळ, जेवण आणि थांबे आपल्या हातात राहतात. बोटीवरच्या माणसांना तिकिटाच्या १५ ते २० टक्के बक्षिसी द्यायची पोर्तो रिकोत पद्धत आहे. ती तिकिटात धरली आहे की नाही, हे लिहून घ्यावे.

गटप्रमुखाने माणसे तीनदा मोजावीत : बोटीवर चढल्यावर, पाण्यातून सगळे वर आल्यावर आणि बेट सोडताना. नुसता आकडा मोजण्यापेक्षा जोड्या लावून नाव घेऊन मोजावे. पोहून आलेला एकजण शौचालयात आणि दुसरा पुढच्या जाळीवर झोपलेला असला की आकडा चुकतो.

शेवटी तारीख. बेटावर पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ही सहल ठेवू नये. आपल्यात आणि साओना-फाहार्दोत साडेनऊ तासांचा फरक आहे, पहाटेच्या गाडीला निघालेले शरीर अर्धे झोपेत असते. परतीच्या आदल्या दिवशीही ठेवू नये. वारा वाढला की कप्तान सहल रद्द करतो आणि त्याचा शब्द अखेरचा असतो, त्याच्याशी हुज्जत घालू नये. सहल मधल्या दिवशी असली तर ती एक-दोन दिवस पुढे सरकवता येते. रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि संयोजकाने कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे पर्यायी तारीखही छापावी.

आपले,
परदेश सहलींचे काही संयोजक, लातूर